दुरून दिलेलं औषध

समोरच्या मोकळ्या प्लॉटवर परवा माती खणायचं पिवळं यंत्र आलं. गॅलरीत कपडे वाळत घालताना पाहिलं, तर त्याच्या मागेमागे चारपाच गायबगळे चालले होते. यंत्राचा पंजा जमिनीत शिरायचा, ओल्या मातीचं ढेकूळ उलटं पडायचं, आणि बगळे माना पुढे काढून त्यातले किडे टिपायचे. पूर्वी हेच पक्षी गुरांच्या पायांत वावरायचे. आता गुरं नाहीत, तर यंत्र. बगळ्यांना त्याचं काही वाटत असेलसं दिसलं नाही. मी मात्र ओला टॉवेल हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिले.

हस्ताचा पाऊस संपत आला की पनवेलची हवा अशी होते. सकाळी गवतावर दव, आणि दहा वाजता डोक्यावर चटका. खाडीकडून ओहोटीचा खारट, कुजका वास येतो आणि त्यातच कुठूनतरी पिकत आलेल्या भाताचा गोडसर वास मिसळलेला असतो. कमरेएवढं वाढलेलं गवत वरून पिवळं, बुडाशी अजून हिरवं. त्यावर चतुर तरंगत असतात. दूर प्रबळगड इतका स्वच्छ दिसतो, की पावसाळाभर तो कुठे गेला होता असं वाटावं. बाकी ऋतू माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. आमच्या पनवेलमधल्या सुरुवातीच्या दिवसांतला एक आश्विन मात्र अजून वेगळा राहिला आहे. त्याला टर्पेंटाइनचा वास आहे.

नव्वदीची सुरुवात होती. माझा नवरा श्रीकांत गुरांचा डॉक्टर. तालुक्याच्या दवाखान्यात त्याची बदली झाली आणि मी वाईहून बिऱ्हाड घेऊन इथे आले. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, कौलं, आणि मागे अंगण. अंगणात आधीच्या कुणीतरी लावलेला दुधीचा वेल कुंपण ओलांडून शेजारच्या गोठ्यावर चढला होता. बाजार, एस.टी. स्टँड, रिक्षांचा कलकलाट, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पण गावाच्या पूर्वेला गेलं की चित्र पालटायचं. नव्या शहरासाठी घेतलेल्या जमिनी. कुठे इमारती उभ्या राहत होत्या, कुठे नुसतेच आखलेले रस्ते, आणि मध्येच बांध अजून शाबूत असलेली, पण कुणीही न पेरलेली खाचरं. त्या खाचरांतून मोकाट गुरांचा एक कळप हिंडायचा.

ती गुरं कुणाची नव्हती असं नाही. जमीन गेल्यावर नांगर अडगळीत गेले. कुणी बैल विकले. ज्यांच्याने विकवले नाहीत त्यांनी दावं सोडून दिलं. आधी गुरं संध्याकाळी आपसूक घरी यायची. मग गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या आणि त्यांना यायला जागाच उरली नाही. पोरं दगड मारायची, ट्रकवाले हॉर्न वाजवून पळवायचे. दोनतीन पावसाळ्यांत ती माणसाला बिचकायला लागली. माणूस दिसला की कळप मान वर करायचा आणि गवतात दिसेनासा व्हायचा.

एका सकाळी विचुंबे गावचा बुधाजी दवाखान्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, सडपातळ, धुतलेला सदरा आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी श्रीकांतचा डबा द्यायला गेले होते. बुधाजीबरोबर जनावर नव्हतं.

"जनावर कुठंय?" श्रीकांतने विचारलं.

"जनावर यायचा नाय, डाक्टर."

"मग घरी बांधून ठेवा. दुपारी मी येतो."

बुधाजीने पायरीवरचा पाय खाली घेतला. "बांधाला तो माजा ऱ्हायला नाय," तो म्हणाला.

मग एकेक करून कळलं. त्याच्या जोडीतला एक बैल जमीन गेली त्याच वर्षी विकला गेला. दुसरा चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. त्याला बाजाराला न्यायला निघालेला बुधाजी अर्ध्या वाटेतून परत आला होता. नंतर त्याने त्याला मोकळा केला. आता चांद्याच्या उजव्या शिंगाच्या मुळाशी जखम झाली होती. कशावर तरी आपटला असेल, किंवा दुसऱ्या बैलाशी भांडला असेल. जखमेत किडे पडले होते. दुरूनही वास यायचा. चांद्या सारखं डोकं झटकत होता, झाडाला घासत होता.

"जवळ येऊ देत नाही?"

"मी हाक मारली का पलतो." बुधाजीने टॉवेल सोडून पुन्हा गुंडाळला. "मनाच बगून पलतो."

किडे मेंदूपर्यंत जातात, हे श्रीकांतला माहीत होतं, आणि बुधाजीलाही माहीत असावं.

दोर टाकून बघितला. गावातल्या काही माणसांनी कोंडी करून बघितली. चांद्या कुंपणाची तार तोडून पलीकडे गेला आणि पायाला नवी जखम करून घेतली. तेव्हा श्रीकांतला नळीची आठवण झाली. वनखात्यातल्या एका मित्राने ती त्याला दिली होती. ॲल्युमिनियमची लांब, गुळगुळीत, पोकळ नळी. तिच्यात सुईचा बाण ठेवायचा आणि जोरात फुंकायचं. बाण म्हणजे दोन प्लॅस्टिकच्या सिरिंजा कापून एकमेकींना जोडलेल्या. पुढच्या भागात औषध, मागच्या भागात दाबून भरलेली हवा. सुईचं टोक बंद, तिच्या अंगाला बारीक भोक, आणि भोकावर रबराचा तुकडा. सुई कातडीत शिरली की रबर मागे सरकतं, भोक उघडतं आणि मागची हवा औषध आत ढकलते. बाणाला लाल लोकरीचं शेपूट, म्हणजे गवतात पडला तरी सापडावा.

श्रीकांतने अंगणात भुशाचं पोतं टांगलं आणि सराव सुरू केला. पण त्याला दमा होता, आणि पनवेलच्या दमट हवेने तो वाढला होता. पहिला बाण जास्वंदीपाशी पडला. दुसरा त्याच्याही अलीकडे. तिसऱ्या वेळी त्याला अशी ढास लागली, की मी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावले.

"दे इकडे," मी म्हटलं.

"वसू, हे खेळणं नाहीये."

"माहितेय. दे."

लहानपणी मी सात-आठ वर्षं गाणं शिकले होते. गळा बेताचाच होता, त्यामुळे पुढे काही झालं नाही, पण श्वास पोटातून घ्यायचा आणि हवा तेव्हा सोडायचा, एवढं अंगात मुरलं होतं. मी नळी ओठांना लावली. फट्‌कन आवाज झाला आणि पोतं हललं. श्रीकांत पोत्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. लग्नाला वर्ष झालं होतं. माझ्यात त्याला ठाऊक नसलेलं काही आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आम्ही स्कूटरवरून गेलो. माझ्या मांडीवर नळी आडवी, रिक्षावाले वळून बघताहेत. बुधाजी आणि त्याची बायको हिराबाई रस्त्याच्या कडेला थांबले होते. हिराबाई ठेंगणी, काष्ट्याचं लुगडं, आणि मनातलं तिथल्या तिथे बोलून टाकणारी.

"सोडला तवाच बोलली व्हती मी," ती मला म्हणाली. "जनावराला मोकला करून काय व्हतंय? मोकला झाला मंजे सुटला व्हय?"

बुधाजीने कळपाकडे बोट दाखवलं.

कळप करंजाच्या सावलीत होता. मी गवतातून वाकून पुढे सरकले. चांद्या थोराड होता, राखाडी अंगाचा, वशिंड एका बाजूला कललेलं. उजव्या शिंगाखाली काळं, ओलं काहीतरी चमकत होतं आणि माश्यांचा पुंजका त्याच्याबरोबर हलत होता. मी श्वास घेतला. बाण मांडीत बसला, लाल शेपूट क्षणभर तिथे लोंबलं, मग चांद्या उसळला आणि बाण गळून पडला. आम्ही तो शोधून काढला. रिकामा. किडे मारणारं नवं औषध होतं त्यात, तेव्हा नुकतंच मिळायला लागलेलं. थोडकंच पुरतं, म्हणून बाणासाठी सोयीचं. बुधाजीने रिकामा बाण तळहातावर घेऊन हिराबाईला दाखवला. हिराबाईने कपाळाला हात लावून नमस्कार केला. घरी परतताना मी स्कूटरवर मोठ्याने गात होते.

काही दिवसांनी बुधाजी पुन्हा पायरीशी उभा होता. जखम वाढली होती.

त्या संध्याकाळी श्रीकांत अंगणात बसून रिकाम्या बाणाशी चाळा करत होता. त्याला उजेडात धरून बघायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. "रिकामा बाण म्हणजे औषध आत गेलं असं नाही," तो अखेर म्हणाला. "औषध बाणातून गेलं, एवढंच. बैलात गेलं, का केसांवरून ओघळून गवतात गेलं, हे बाण सांगत नाही."

हे वाक्य मला पुढे आयुष्यात अनेकदा आठवलं आहे. परगावी शिकायला गेलेल्या मुलाला फोनवरून काही सांगावं, तो "हो आई" म्हणतो, फोन ठेवला जातो. आपल्याकडचं बोलून संपलेलं असतं. पलीकडे काय पोचलं ते मात्र कुणी दाखवत नाही. तेव्हा मूल नव्हतं, फोनही नव्हता. तेव्हा फक्त बाण होता आणि श्रीकांतला त्याचा निकाल लावायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून बाणात औषधाऐवजी कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी भरलं जाऊ लागलं. नेम धरायला वेलावरचा दुधी. जुन्या चामडी पिशवीत दुधी घालून टांगायचा, मी फुंकायचं, मग श्रीकांत दुधी उभा चिरून बघायचा. कधी आत छान निळा डाग पसरलेला असायचा. कधी निळं पाणी सगळं पिशवीवर आणि दुधी आतून पांढराशुभ्र. कधी बाण लागूनही भरलेलाच, रबर जागचं हललेलंच नाही. निळा दुधी शेजारच्या शेळीलाही घालायची भीती वाटायची, तो टाकून द्यावा लागे. पांढरा निघाला की मी त्याची भाजी करायची. ताटात दुधी आला म्हणजे आज बाण फुकट गेला, हे न बोलता कळायचं. त्या आश्विनात आम्ही दुधी फार खाल्ला. श्रीकांत कधी सुई बदले, कधी रबराला तेलाचं बोट लावी, कधी मला म्हणे, "जरा हळू फुंक. फार जोरात लागलं तर उसळून बाहेर येतो." मी हळू फुंकायला शिकले. जोराने मारायचं काही मला शिकावं लागलं नव्हतं. हळू मारणं मात्र अवघड गेलं.

बाण सुधारला, पण बेभरवशाचा तो राहिलाच. दुसऱ्या खेपेला चांद्याच्या मांडीला लागलेला बाण भरलेलाच परत मिळाला. आणि जखमेची दशा अशी झाली होती, की नुसतं टोचून भागणार नव्हतं. हाताने साफ करावी लागणार होती. त्यासाठी चांद्याला गुंगी आणायला हवी होती, आणि ती याच बाणाने.

श्रीकांत बुधाजीच्या घरी जाऊन बोलला. बुधाजीची पडवी, जुन्या गोठ्याच्या जागी तीन पत्र्याच्या खोल्या, त्यांत बांधकामावरची बिऱ्हाडं. हिराबाईने चहा दिला.

"औषध कमी गेलं तर तो अर्धवट जागा राहील आणि अंगावर येईल," श्रीकांत म्हणाला. "पूर्ण गेलं तर बसेल. आडवा पडू द्यायचा नाही, पोट फुगतं. मान वर धरायला माणूस लागेल. आणि कळप असतो तिथे इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी आहे. गुंगीत तिकडे गेला तर बुडेल."

"आनि नाय केला तर?" बुधाजीने विचारलं.

"तर किडे आत जातील."

हिराबाईने रिकामे कप गोळा केले. "करा, डाक्टर," ती म्हणाली. "आमी खड्ड्याच्या अंगाला उबी ऱ्हातो."

सकाळ होती. ऊन चढायच्या आत आटोपायचं होतं. गवतातल्या दवाने माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. चांद्या कळपापासून वेगळा, एकटाच उभा होता. दुखऱ्या जनावराला कळप आपोआप बाजूला टाकतो. त्याची मान एका बाजूला तिरकी झाली होती. मी हळू फुंकलं. बाण मांडीला लागला. चांद्या धावला, सुदैवाने खड्ड्याच्या उलट दिशेला, आणि करंजाखाली जाऊन थांबला. बाण वाटेत कुठेतरी गळला. शोधायला जाणं शक्य नव्हतं, आमची हालचाल बघून तो पुन्हा पळाला असता.

आम्ही वाट बघत बसलो. मान जरा खाली आल्यासारखी वाटली.

"चढतंय," मी कुजबुजले.

"की चरतोय?" श्रीकांत म्हणाला.

खरंच कळत नव्हतं. तोंडातून लाळ गळत होती, पण ती आधीही गळत होती. पाय जरा फाकवून उभा होता, पण दुखणाऱ्या पायामुळेही तो तसा उभा राहिला असता. आणखी एक बाण मारावा, तर पहिला सगळा आत गेला असेल तर दोन्ही मिळून जास्त होईल. न मारावा, तर पहिला गेलाच नसेल. श्रीकांतच्या छातीतून बारीक शिट्टी येत होती. ताण आला की त्याचा दमा असा बोलायचा.

तेवढ्यात खड्ड्याच्या बाजूने बुधाजी चालत निघाला.

"बुधाजी, थांबा! अहो, थांबा!"

तो थांबला नाही. तो भरभरही चालत नव्हता. शेतात सकाळी जोत जुंपायला जाणारा माणूस चालतो तसा चालला होता. तोंडाने काहीतरी बारीक बोलत होता, शब्द ऐकू आले नाहीत, नुसता सूर आला. चांद्याने मान उचलली. बुधाजी जवळ गेला. हात वर करून त्याने तो वशिंडावर ठेवला. चांद्याच्या अंगावरून एक थरथर शेपटीपर्यंत गेली, पण तो पळाला नाही, उभा राहिला.

पुढचं सगळं वासांतून आठवतं. टर्पेंटाइनचा बोळा आत गेला तसे किडे वळवळत बाहेर येऊ लागले. श्रीकांत चिमट्याने काढत होता, मी ट्रे धरून होते. सडलेल्या मांसाचा वास, कापराचा वास, बैलाच्या घामाचा वास, आणि चिरडलेल्या गवताचा हिरवा वास. हिराबाई बादलीने पाणी देत होती आणि तिच्या डोळ्यांतून धार लागली होती, ती पुसायला हात मोकळा नव्हता. बुधाजीने दोन्ही हातांनी चांद्याची मान धरली होती आणि गाल त्याच्या गालाला लावला होता. श्रीकांतने शेवटी हाताने इंजेक्शनं दिली. सुई आत गेलेली आणि औषध संपलेलं बोटांना कळत होतं, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. तो किती सुखाने टोचत होता, ते मी बघितलं.

चांद्याने डोकं झटकलं, बुधाजीच्या हातातून मान सोडवली आणि तो हळूहळू गवतात निघून गेला. झुलत गेला, की थकून गेला, तेही सांगता आलं नसतं.

नंतर मला बाण सापडला. लाल शेपूट गवताच्या काडीला अडकलं होतं. श्रीकांतने तो सूर्याकडे धरला. औषध बरंचसं आतच होतं.

बुधाजीने ते बघितलं. "गेला नाय औषद?"

"थोडं गेलं असेल."

"मंग तो उबा कसा ऱ्हायला?"

श्रीकांतने बाण खाली केला. "गुरांना हे औषध थोडंही पुष्कळ होतं, बुधाजी."

"मंजे औषदानं."

"असेल."

"का मना वलखून?"

त्या माणसाचा चेहरा मी विसरलेले नाही. शर्टावर रक्त आणि लाळ, केसांत गवत, आणि उत्तरासाठी थांबलेले डोळे. मला वाटलं, आता श्रीकांत म्हणेल, हो, ओळखलं. कुणीही म्हणालं असतं.

"तेही असेल," श्रीकांत म्हणाला. "मला सांगता येणार नाही."

परतताना मी स्कूटरवर चिडून बोलले. "सांगायचं होतंस ना, ओळखलं म्हणून. तुझं काय गेलं असतं?"

आम्ही बाजारापाशी आलो. नवरात्राचे मांडव उतरवत होते, रस्त्यात बांबू आडवे होते. मग स्कूटर हळू करत तो म्हणाला, "आणि माझ्या शब्दावर तो उद्या तसाच चालत गेला, आणि शिंग पोटात गेलं तर?"

त्याच्या त्या अडून बसणाऱ्या खरेपणाचा मला लग्नापासून राग यायचा. भाजी कशी झालीये विचारलं तरी तो आधी विचार करायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या खरेपणाचा आधार वाटला, आणि रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी होतं.

जखम एका धुण्याने बरी होणारी नव्हती. पुन्हा मलम लावायला हवं होतं. ठरल्या सकाळी आम्ही पोचलो तर बुधाजी मलमाचा डबा मागत पुढे आला.

"नली नको, डाक्टर. मी जातो."

"वेड लागलंय त्याला," हिराबाई माझ्याकडे वळून म्हणाली. "बाई, तुमी तरी सांगा. शिंग लागला तर मी कोनाच्या दारात जाऊ?"

"मना कलाया पायजे," बुधाजी म्हणाला. एवढंच.

श्रीकांतने खूप समजावलं. मग तडजोड झाली. बाण भरून नळी तयार ठेवायची, मी गवतात जवळ बसायचं, आणि श्रीकांत म्हणेल तेव्हा फुंकायचं.

बुधाजी निघाला. या वेळी तो काहीच बोलत नव्हता. चांद्या करंजाखालीच होता, आता मान सरळ. त्याने बुधाजीला दुरूनच पाहिलं. कान पुढे आले. मी नळी ओठांना लावून बसले होते, ॲल्युमिनियमची थंडगार चव जिभेवर. बुधाजी आणखी पुढे गेला तशी चांद्याने मान खाली घातली. शिंगं पुढे आली. पुढच्या खुराने त्याने माती उकरली.

बुधाजी जागच्या जागी थांबला.

"फुंक," श्रीकांत माझ्या कानाशी म्हणाला. त्याची शिट्टी मला ऐकू येत होती. "वसू, फुंक!"

औषध चढायला वेळ लागतो. शिंग लागायला लागत नाही. बाण लागला असता तर चांद्या उसळला असता, आणि समोर बुधाजीच होता. हे श्रीकांतलाही माहीत होतं, पण त्या क्षणी तो डॉक्टर राहिला नव्हता, नुसता घाबरलेला माणूस झाला होता. आणि दुसरंही एक मला माहीत होतं. मी फुंकलं, तर पुढे काहीही झालं तरी बुधाजीला ते कधी कळणार नव्हतं.

मी श्वास पोटात धरला आणि तो तिथेच ठेवला.

चांद्या दोन पावलं पुढे आला. बुधाजीने हात खालीच सोडले होते. बैलाचं नाक त्याच्या छातीपर्यंत आलं, आणि त्याने मोठ्याने श्वास सोडला. बुधाजीचा सदरा हलला. मग बराच वेळ काही झालं नाही. कुठेतरी काँक्रीटचा मिक्सर गरगरत होता, इमारतीवरून कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. बुधाजीने डब्याचं झाकण उघडलं. बोटावर मलम घेतलं. हात शिंगाच्या मुळाशी गेला. चांद्याची कातडी तिथे लाट आल्यासारखी थरथरली, त्याने एकदा डोकं बाजूला घेतलं, परत आणलं. बुधाजीने लावायचं होतं तेवढं मलम लावलं, झाकण बंद केलं आणि वळून आमच्याकडे चालायला लागला. चांद्या त्याच्या मागे आला नाही. तो खाली बघून चरायला लागला, आणि या वेळी तो चरतच होता.

मी नळी ओठांपासून खाली घेतली. श्रीकांत गवतात बसला होता. त्याने माझ्या हातातून नळी घेतली, आतला बाण काढला, मागची हवा सोडली आणि औषध मातीत ओतलं. फुंकलं का नाहीस म्हणून तो माझ्यावर रागावला नाही. त्याने माझा हात हातात घेतला आणि दमा शांत होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

हिराबाई धावत पुढे गेली होती. तिने आधी नवऱ्याच्या पोटावर, छातीवर हात फिरवून बघितला, मग त्याच्या दंडावर एक चापट मारली. मग विचारलं, "वलखला?"

बुधाजीने बराच विचार केला. श्रीकांत करायचा तसाच.

"तां नाय म्हाईत," तो म्हणाला. "उबा ऱ्हायला."

मलम दिवाळीपर्यंत लावावं लागलं. आम्हाला परत जावं लागलं नाही. श्रीकांत डबा भरून द्यायचा आणि बुधाजी एकटाच जायचा. जखम भरली, शिंग मात्र वाकडंच राहिलं. घरी न्यायला गोठा नव्हता आणि चांद्याही आता कुणाच्या दाव्याला आला नसता, तेव्हा तो तिथेच राहिला, पुढची काही वर्षं, प्लॉट भरत गेले तसा थोडाथोडा पूर्वेला सरकत. एकदा भात कापणीच्या दिवसांत मी विचुंब्याला काही कामाने गेले होते, तेव्हा बुधाजी पूर्वेकडे निघण्याच्या तयारीत होता. हिराबाईने चुलीवरच्या तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या, त्याच्या हातात दिल्या आणि चुलीकडे वळता वळता म्हणाली,

"दोन बांदल्यात. येक तुजी, येक त्याची."